पाण्याखालील कचरा संकलनाची साधने

पाण्याखालील कचरा संकलनाची साधने म्हणजे स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या पाणबुड्यांनी समुद्र, खाडी वा तलाव यांच्या तळावरील कचरा सुरक्षितपणे कापण्यासाठी, गोळा करण्यासाठी व पृष्ठभागावर आणण्यासाठी वापरलेली उपकरणे होत. कापण्याची हत्यारे, जाळीदार पिशव्या, हातमोजे, उचल-पिशवी आणि पृष्ठभागावरील खुणेचा बोया यांचा त्यांत समावेश होतो. महाराष्ट्रात या साधनांचा संबंध प्रामुख्याने रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या किनाऱ्याशी येतो. येथील कचऱ्यात मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे आढळत असल्याने साधनांची निवड केवळ प्लॅस्टिक वेचण्याच्या हिशेबाने करता येत नाही.

पार्श्वभूमी

रत्नागिरी शहरालगतचे मिरकरवाडा हे राज्यातील प्रमुख मासेमारी बंदरांपैकी एक आहे. या किनाऱ्यावर ट्रॉल, पर्ससीन आणि गिलनेट अशा तिन्ही प्रकारच्या जाळ्यांनी मासेमारी चालते. खडकात अडकून फाटलेले, वादळात वाहून गेलेले किंवा टाकून दिलेले जाळे समुद्रात राहिले, तर मालक नसतानाही त्यात मासे, खेकडे व कासवे अडकत राहतात. अशा बेवारस जाळ्यास 'घोस्ट नेट' असेही म्हणतात. वेळास, आंजर्ले, गुहागर आदी किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यासाठी येतात. कासव फुप्फुसांनी श्वसन करीत असल्यामुळे जाळ्यात अडकून पृष्ठभागावर येता न आल्यास ते गुदमरून मरते. संरक्षित जलचर सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापल्यास त्याला कमाल २५,००० रुपये भरपाई देण्याची योजना राज्य शासनाने २०१८ मध्ये सुरू केली. ही योजना चालू मासेमारीतील जाळ्यांसाठी आहे. तळाशी पडलेले जाळे मात्र पाणबुड्यांनाच काढावे लागते.

डायव्हिंगच्या सोयी रत्नागिरीच्या दक्षिणेस सिंधुदुर्ग जिल्ह्यात अधिक आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्ली येथे असून मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. जागतिक पातळीवर 'प्रोजेक्ट अवेअर' या संस्थेने २०११ मध्ये 'डाइव्ह अगेन्स्ट डेब्रिस' हा उपक्रम सुरू केला. गोळा केलेल्या कचऱ्याची प्रकारवार मोजणी व नोंद करणे हे त्याचे वैशिष्ट्य होय.

कचऱ्याचा पदार्थ आणि साधनांची निवड

कोणते साधन न्यावे हे कचरा कशाचा बनला आहे यावर ठरते. समुद्राच्या पाण्याची घनता लिटरला सुमारे १.०२५ किलो असते. गिलनेटसाठी वापरल्या जाणाऱ्या नायलॉनची घनता सुमारे १.१४ असल्याने ते बुडते. ट्रॉल जाळ्यांतील पॉलिथिलीन (सुमारे ०.९५) आणि दोरखंडांतील पॉलिप्रॉपिलीन (सुमारे ०.९) हे तरंगणारे पदार्थ आहेत. ते तळाशी राहतात ते केवळ शिशाच्या गोळ्यांमुळे, साखळीमुळे किंवा खडकात अडकल्यामुळे.

हा फरक पाणबुड्याच्या जिवाशी निगडित आहे. पॉलिथिलीनच्या जाळ्याचा शिसे लावलेला खालचा दोर आधी कापला, तर मोकळे झालेले जाळे वर उठते व कापणाऱ्याभोवती पसरते. त्यामुळे असे जाळे टोकाकडून लहान तुकड्यांत कापतात, प्रत्येक तुकडा गुंडाळून लगेच पिशवीत घालतात आणि पाणबुडे प्रवाहाच्या वरच्या अंगाला राहतात. नायलॉनचे जाळे उलट तळावर लोळत पडते. त्याचा धोका न दिसण्यात असतो, कारण एकधागी नायलॉन पाण्यात जवळजवळ पारदर्शक दिसते.

कापण्याची साधने

सर्व परिस्थितीत चालेल असे एकच हत्यार नाही. बारीक एकधागी तंगूस व गिलनेट यांसाठी आकड्याच्या आकाराचे, आत पाते बसवलेले कटर सोयीचे असते. त्याची धार उघडी नसल्याने कासवाच्या परांजवळील किंवा सहकाऱ्याच्या नळीजवळील धागा त्याने तुलनेने सुरक्षितपणे कापता येतो. जाड दोरखंड मात्र त्याच्या खाचेत शिरत नाही. त्यासाठी करवतीसारखे दात असलेला सुरा लागतो. गळाला जोडलेली धातूची तार सुऱ्याने तुटत नसल्याने बळकट कात्री बरोबर ठेवतात.

किमान दोन कापणारी साधने असावीत व त्यांपैकी एक तरी डाव्या वा उजव्या अशा कोणत्याही हाताने काढता येईल अशा जागी, म्हणजे छातीवर किंवा कमरपट्ट्यावर असावे. पोटरीला बांधलेला मोठा सुरा छायाचित्रात शोभतो. परंतु पाय जाळ्यात गुंतल्यावर तेथवर हात पोहोचेलच असे नाही, आणि त्याची मूठ स्वतःच जाळ्यात अडकते. सुऱ्याचे टोक बोथट असणे इष्ट. स्टेनलेस स्टीललाही खाऱ्या पाण्यात गंज चढतो, म्हणून प्रत्येक डाइव्हनंतर हत्यारे गोड्या पाण्यात धुऊन वाळवावी लागतात. टायटॅनियमची पाती गंजत नाहीत, पण महाग असतात.

पिशव्या, आकडे व हातमोजे

कचऱ्याची पिशवी जाळीदार असावी लागते, म्हणजे वर येताना पाणी निथळते आणि चुकून आत आलेले लहान जीव निसटू शकतात. तोंडाला तारेची चौकट असलेली पिशवी एका हाताने उघडता येते. कांद्याची जाळीदार गोणी हा स्वस्त पर्याय आहे, मात्र तिचे धागे तुटून स्वतःच कचरा होतात. काच, गळ व सुया यांसाठी झाकणाचा जाड प्लॅस्टिकचा डबा वेगळा न्यावा.

पिशवी हातात धरणे श्रेयस्कर. शरीराला जोडायचीच असेल, तर एका हाताने सुटेल असा बोल्ट स्नॅप वापरतात. गिर्यारोहणातील, आत ढकलताच उघडणारा कॅराबिनर येथे घातक ठरतो, कारण सैल दोर त्यात आपोआप अडकतो. भरलेल्या पिशवीचा आणखी एक धोका असतो. तिच्या वजनाची भरपाई करण्यासाठी पाणबुड्याने बीसीडीत हवा भरली आणि मग पिशवी हातातून सुटली, तर तो वेगाने वर फेकला जाऊन फुप्फुसांना इजा होऊ शकते. म्हणून कचऱ्याचे वजन उचलण्यासाठी बीसीडी वापरत नाहीत.

हातमोजे कापरोधक धाग्याचे व तळव्यावर रबराचा थर असलेले घेतात. कोकणातील खडकांवरील कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात. अर्चिनचे काटे किंवा गळाचे टोक मात्र अशा मोज्यांतूनही आत जाऊ शकते.

उचल-पिशवी

पाण्यातील वजन सुमारे ७ किलोहून अधिक असल्यास उचल-पिशवी वापरण्याचा प्रघात आहे. तिच्यात भरलेली दर लिटर हवा साधारण एक किलो वजन उचलते. वर येताना दाब घटून हवा प्रसरण पावते. १० मीटर खोलीवर भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट, तर २० मीटरवरील तिप्पट होते. त्यामुळे खालून उघडी किंवा जादा हवा सोडणारी झडप असलेली पिशवी निवडतात. भरताना ती किंवा तिचा दोर पाणबुड्याच्या उपकरणांना जोडलेला नसावा आणि वरून कोणी पोहत नसल्याची खात्री असावी. हे तंत्र स्वतंत्र प्रशिक्षणाशिवाय वापरू नये.

जाळ्याच्या वजनाविषयी अंदाज हमखास चुकतो. १० किलो कोऱ्या नायलॉनचे पाण्यातील वजन जेमतेम एक किलो भरते. खरा भार शिसे, वाळू आणि चिकटलेल्या शिंपल्यांचा असतो, व पाण्याबाहेर काढताच तो कित्येक पटींनी वाढतो. होडीत ओढून घेण्याची सोय आधी ठरवली नसेल, तर वर आणलेले जाळे पुन्हा बुडते.

हवा आणि दृश्यमानता

पावसाळ्यात काजळीसारख्या नद्यांचा गाळ समुद्रात येतो आणि या काळात डायव्हिंग बंद असते. एरवीही तळ ढवळला की दृष्टीसमोर काही दिसेनासे होते, म्हणून जोडीदाराशी संपर्काचे संकेत, विजेरी आणि रीळ हवे. होड्यांची वर्दळ असलेल्या भागात नारिंगी खुणेचा बोया अत्यावश्यक असतो.

श्रमामुळे हवाही लवकर संपते. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने सुमारे २,२०० लिटर हवा मावते. त्यातील ५० बार राखीव ठेवल्यास १,६५० लिटर उरते. पृष्ठभागावरील हिशेबाने मिनिटाला २० लिटर लागत असतील, तर १० मीटरवर ती सुमारे ४१ मिनिटे पुरते. जाळे कापताना गरज ३० लिटरवर गेल्यास तीच हवा सुमारे २७ मिनिटांत संपते.

काय उचलू नये

प्रवाळाने वेढलेली किंवा ज्यात जीवांनी वस्ती केली आहे अशी वस्तू तेथेच ठेवतात. बाटलीत ऑक्टोपस वा लहान मासे असू शकतात, म्हणून ती उचलण्यापूर्वी आत पाहतात. प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण असल्याने त्यांवर घट्ट बसलेले जाळे ओढून काढत नाहीत. सुटा भाग तेवढा कापून घेतात. अभयारण्यात अशा कामासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते. सीलबंद पिंपे व स्फोटकसदृश वस्तूंना हात न लावता स्थान नोंदवून प्रशासनाला कळवावे. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग अशा जलदुर्गांच्या परिसरात जुने नांगर किंवा खापरे आढळल्यास तोच नियम लागू होतो, कारण शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते.

किनाऱ्यावर आणलेला कचरा निथळल्यावर तोलतात आणि खोली, ठिकाण व प्रकार यांसह त्याची नोंद करतात. नायलॉन व पॉलिथिलीन यांचा पुनर्वापर वेगवेगळ्या प्रक्रियांनी होत असल्याने जाळी येथेच वेगळी करतात. शिशाचे गोळे काढून घेतात आणि उरलेल्या जाळ्याचे बारीक तुकडे करतात, जेणेकरून ते भरतीने पुन्हा समुद्रात गेले तरी त्यात काही अडकणार नाही.