खांदा, खिळा आणि सवड

कामगार चळवळीतल्या माणसाने शस्त्रक्रियेच्या इतिहासावर बोलावे याचे पुष्कळांना नवल वाटेल. आम्ही वैद्य नाही. आमचे शिक्षणही शाळेपेक्षा वाचनालयातच अधिक झाले. हा विषय आमच्याकडे आला तो एका हमालाच्या खांद्यावरून.

आमच्या युनियनचे एक सभासद थप्पी लावताना घसरले. पोते सावरायला हात वर गेला आणि खांद्यात काहीतरी तटकन तुटले. एक्स-रे काढला, तर हाड शाबूत! ‘हाड मोडले नाही, मग भरपाई कशाची?’ असा प्रश्न मालकपक्षाकडून आला. गड्याला हात डोक्यापर्यंत नेता येईना, त्या कुशीवर झोप येईना. कागदावर मात्र तो धडधाकट. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात तुटलेल्या अवयवांची टक्केवारी छापलेली होती. हात गेला तर इतकी, अंगठा गेला तर इतकी. खांद्याच्या आत जे तुटते त्याला त्या यादीत ओळ नव्हती. ते डॉक्टरच्या दाखल्यावर ठरायचे. मग खांद्याच्या आत तुटते तरी काय, हे आम्ही शोधू लागलो.

स्नायू हाडाला थेट चिकटत नाही. त्याच्या टोकाला चिवट, पांढरी दोरी असते. तिला कंडरा म्हणतात. खांद्याचा गोळा उथळ खोबणीत बसतो आणि चार स्नायूंच्या कंडरा त्याला टोपीसारख्या धरून ठेवतात. यांतली वरची कंडरा हाडापासून सुटली की हात उचलणे जड जाते. साध्या एक्स-रेत हाड दिसते, कंडरा दिसत नाही. म्हणजे ज्या पुराव्यावर आमच्या गड्याला खोटे ठरवले, त्या पुराव्यात त्याची इजा उमटणेच शक्य नव्हते.

ही गोष्ट ज्याने निष्ठेने मांडली तो बोस्टनचा शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन. जन्म १८६९, मृत्यू १९४०. त्याने १९०९ मध्ये अशी तुटलेली कंडरा शिवली आणि १९११ मध्ये ती हकीकत छापली. १९३४ साली त्याचा खांद्यावरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यात शरीररचनेबरोबरच कष्टकऱ्यांचे अपघात आणि विमा यांचाही विचार आहे. कॉडमनचा आणखी एक हट्ट होता. शस्त्रक्रियेनंतर प्रत्येक रोगी खरोखर बरा झाला की नाही, हे पुढे दीर्घकाळ पाहून नोंदवावे आणि चुका लपवू नयेत. १९११ ते १९१६ या काळात आपल्या छोट्या रुग्णालयातून गेलेल्या ३३७ रोग्यांच्या बाबतीत १२३ चुका झाल्या, असे त्याने स्वतः छापून जाहीर केले. समव्यवसायी त्याच्यावर रुष्ट झाले. हिशेब उघडा ठेवणारा माणूस कोणत्याच धंद्यात लाडका नसतो.

आता प्रश्न असा की मऊ कंडरा कठीण हाडाला बांधायची कशी? पहिली रीत सुताराची. हाडाला भोके पाडायची, त्यांतून दोरा ओवायचा आणि गाठ मारायची. लंडनच्या बँकार्ट यांनी वारंवार निखळणाऱ्या खांद्यासाठी १९२३ मध्ये जी शस्त्रक्रिया सांगितली, तिच्यात खोबणीची फाटलेली कड अशीच हाडाला बांधली जाई. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफ्लिन यांनी १९४४ मध्ये हाडात चर खणून त्यात कंडरेचे टोक बसवण्याची आणि भोकांतून टाके घेण्याची रीत वर्णिली. रीत भक्कम खरी. पण सुई हाडाच्या एका बाजूने घालून दुसरीकडे काढायची, तर जागा मोठी उघडावी लागे. शिवाय हाड ठिसूळ असले तर ताणाखाली दोरा त्यालाच कापी.

दुसरी रीत खिळ्याची. जोहान्सबर्गच्या ड्यू टॉईट आणि रू यांनी १९५६ मध्ये दोन पायांचा खिळा, म्हणजे स्टेपल, ठोकून ही कड बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काम झटपट होई. पण सांधा फिरता असतो आणि खिळा काही फिरत नाही. १९८४ मध्ये झुकरमन आणि मॅटसेन यांनी खांद्यातील स्क्रू व स्टेपल यांच्यामुळे अपाय झालेल्या ३७ रोग्यांची हकीकत छापली. कुठे धातू सैल झाला, कुठे जागा सोडून सरकला, कुठे त्याने सांध्याची गुळगुळीत कूर्चाच खरवडली. कॉडमनचा उघडा हिशेब इथे उपयोगी पडला.

तिसरी रीत गलबताच्या नांगराची. अमेरिकेतील गोबल आणि सोमर्स यांनी १९८५ च्या सुमारास एक चिमुकला नांगर तयार केला. तो एकाच भोकातून हाडात जातो आणि आतच रुततो; त्याला ओवलेला दोरा बाहेर राहतो व त्या दोऱ्याने कंडरा हाडाशी घट्ट बांधतात. पलीकडून सुई काढण्याचे कारण उरले नाही. पुढे दुर्बिणीतून, बारीक छिद्रांवाटे हे काम होऊ लागले. प्रथम हे नांगर धातूचे होते; मग शरीरात विरघळणारे निघाले, त्यांतल्या काहींनी हाडात पोकळी केल्याचे आढळले; आणि नंतर तर केवळ दोऱ्याचे, गाठीसारखे फुगून आत अडकणारेही आले.

नांगर कोणत्या कोनात घालावा, याचे उत्तर टेक्सासच्या बर्कहार्ट यांना कुंपणाच्या तारेत सापडले. तिकडे कुंपणाच्या कोपऱ्यातला खांब ओढून धरण्यासाठी तार जमिनीत पुरलेल्या वजनाला बांधतात. त्यांनी १९९५ मध्ये लिहिले की तारेचा जमिनीशी होणारा कोन ४५ अंशांहून मोठा नसावा, आणि हाच हिशेब हाडातल्या नांगरालाही लावावा. या मंडपाचे तणावे ज्यांनी ताणले त्यांना हे शिकवावे लागले नाही. तणावा फार उभा घेतला की खुंटी उपटते. मळसूत्री नांगरांना हा नियम तितकासा लागू नाही, असे पुढच्या काही प्रयोगांत दिसले. तरी कुंपण घालणाऱ्याचे ज्ञान शस्त्रवैद्याच्या मेजापर्यंत पोहोचले, याचा आम्हांला आनंद वाटतो.

परंतु या साऱ्या इतिहासाचे सार वेगळेच आहे. दोरा, खिळा वा नांगर, यांतले काहीही कंडरेला हाडाशी कायमचे जोडत नाही. ते फक्त धरून ठेवते. सांधते ते शरीर, आणि त्याला महिने लागतात. पहिले चार-सहा आठवडे हात झोळीत, मग हळूहळू हालचाल, आणि जड ओझे तर कित्येक महिन्यांनंतर. तेवढ्यात भार पडला तर उत्तम नांगरही हरतो.

आमच्या सभासदांची इजा अखेर एमआरआयमध्ये दिसली. शस्त्रक्रिया झाली, नांगर नीट बसले. पण मजुरी बंद होती आणि घरी चूल होती. दोन महिन्यांत त्यांनी पुन्हा पोते उचलले, आणि शिवलेले उसवले. शस्त्रवैद्याचा हात चुकला नव्हता. चुकलो आम्ही. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी आम्ही भांडलो. त्यापुढच्या सहा महिन्यांच्या पगारासाठी भांडायचे आम्हांला सुचले नाही.

तेव्हापासून खांद्याच्या प्रत्येक प्रकरणात आम्ही दोन मागण्या एकाच अर्जावर लिहितो : उपचार आणि सवड. नांगर कारखान्यात तयार होतो. सवड आपणच द्यायची असते.