बारमाही रबराच्या शोधात

सन १८३४ मधली गोष्ट. धंद्यात दिवाळे निघालेला चार्ल्स गुडइयर नावाचा एक अमेरिकन व्यापारी न्यूयॉर्कमधल्या रबरी वस्तूंच्या दुकानात शिरला. पाण्यात बुडू नये म्हणून अंगाला बांधायचा, हवा भरून फुगवायचा एक पट्टा तिथे विकायला होता. त्याची झडप गुडइयरला सदोष वाटली. ती सुधारून तो पुन्हा दुकानात गेला, तेव्हा तिथल्या माणसाने त्याला खरी अडचण सांगितली. झडप उत्तम आहे, पण जिला ती लावायची ती वस्तूच टिकत नाही! दुकान ज्या रॉक्सबरी कंपनीचे होते, तिचा हजारो डॉलरांचा माल उन्हाळ्यात पाघळून, घाण वास मारत परत आला होता. हिवाळ्यात तेच रबर फळीसारखे ताठ होई.

म्हणजे गुडइयरला हवे होते ते बारमाही रबर. थंड देशांतला वेगवान मोटारीचा मालक आज टायरच्या दुकानात जाऊन विचारतो, "आमच्याकडे हिवाळा तसा सौम्य असतो. बारा महिने एकच टायर चालेल का?" तेव्हा तो नकळत हाच जुना प्रश्न विचारत असतो. आपल्याला हा प्रश्न पडत नाही. तिकडे मात्र उन्हाळ्याचे आणि हिवाळ्याचे असे टायरचे दोन संच ठेवून वर्षातून दोनदा ते बदलण्याची रीत आहे.

गुडइयरने पाच वर्षे घरदार पणाला लावले. मध्यंतरी सरकारकडून त्याला टपालाच्या रबरी थैल्यांचे काम मिळाले, पण त्याही उष्म्याने खराब झाल्या. अखेर १८३९ साली गंधक मिसळलेले रबर तापलेल्या शेगडीला लागले आणि वितळण्याऐवजी चामड्यासारखे झाले. रबर म्हणजे कार्बनी रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. त्या सुट्या असतात तोवर ऊब मिळताच एकमेकींवरून घसरतात. गंधकाचे अणू या साखळ्यांमध्ये जागोजागी पूल बांधतात, मग साखळ्या ताणल्या गेल्या तरी परत जागेवर येतात. यालाच व्हल्कनीकरण म्हणतात. १८४४ मध्ये गुडइयरला अमेरिकेत पेटंट मिळाले, पण पैसा मिळाला नाही. १८६० मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरांचे कर्ज होते. त्याचे नाव लावणारी टायर कंपनी १८९८ साली अ‍ॅक्रन येथे दुसऱ्याच माणसाने काढली.

प्रश्न सुटला होता. नैसर्गिक रबर उणे ७० अंश सेल्सियसच्या आसपास काचेसारखे ठिसूळ होते, आणि एवढ्या थंडीत मोटार कोण चालवतो? मग अडचण परत कुठून आली? ती आपणच परत आणली, आणि तीही ओल्या रस्त्यावर टायरची पकड वाढावी म्हणून.

हे समजण्यासाठी वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. एक भरीव रबरी चेंडू एक मीटर उंचीवरून टाका आणि तो किती वर उसळतो ते मोजा. मग तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून काढल्याबरोबर पुन्हा टाका. थंड चेंडू कमी उसळेल. दाबताना दिलेल्या ऊर्जेचा काही भाग रबर परत करत नाही, त्याची उष्णता होते. थंडीत ही घट वाढली. आता चेंडूच्या जागी टायर कल्पा. डांबरी रस्त्यावरच्या खडीचे बारीक कंगोरे घसरणाऱ्या रबराला सतत दाबतात आणि सोडतात. रबराने सगळी ऊर्जा परत केली, तर कंगोऱ्याच्या पुढून जेवढा विरोध होतो तेवढाच मागून रेटा मिळतो आणि दोन्ही फिटतात. ऊर्जा रबरातच जिरली, तर मागचा रेटा कमी पडतो आणि विरोध शिल्लक राहतो. हीच पकड. छान उसळणाऱ्या रबराचा टायर म्हणूनच ओल्या रस्त्यावर घसरतो. केंब्रिजचे डेव्हिड टेबर आणि ब्रिटिश रस्ते संशोधन प्रयोगशाळेतील गाइल्स व बार्बरा सेबी यांनी १९५८ साली ही गोष्ट स्पष्टपणे मांडली.

असे ऊर्जा जिरवणारे रबर तोवर हाताशी आले होते. १९२९ मध्ये जर्मनीत स्टायरीन आणि ब्युटाडाइन यांपासून कृत्रिम रबर तयार झाले. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला, अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला, आणि याच जातीच्या रबराचे प्रचंड कारखाने तिथे उभे राहिले. स्टायरीनचे प्रमाण वाढवले की पकड वाढते, पण रबर ताठ होण्याचे तापमानही वर सरकते. वेगवान मोटारींच्या उन्हाळी टायरांसाठी ते जाणूनबुजून वर नेलेले असते.

इथे चौकस विद्यार्थी विचारील, की वर नेले तरी ते शून्याच्या खालीच असते. मग पाच अंशांवर टायरचे काय बिघडते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर के. ए. ग्रॉश यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सापडते. रबराचे तुकडे वेगवेगळ्या तापमानांना आणि वेगांना घासून त्यांनी घर्षण मोजले. वेग वाढवणे आणि तापमान उतरवणे यांचा रबरावर एकसारखाच परिणाम होतो, असे त्यांत दिसले. साखळ्यांना हलायला वेळ लागतो. थंडीत त्या मंदावतात म्हणून मागे पडतात, आणि वेगात त्यांना वेळच मिळत नाही म्हणून मागे पडतात. घसरत्या टायरखाली रस्त्याचे कंगोरे सेकंदाला हजारो वेळा, कधी त्याहूनही कितीतरी अधिक वेळा टोचतात. त्यामुळे सावकाश मोजले असता जे रबर शून्याखाली बरेच मऊ असते, तेच रस्त्यावर पाच अंशांना ताठरू लागते. ऊर्जा जिरण्याचे शिखर ओलांडले, की रबर कंगोऱ्यांच्या भोवती बसतच नाही आणि पकड उतरते. युरोपात ७ अंशांची जी सीमा सांगतात ती अशी आली. ती निसर्गाने आखलेली रेघ नव्हे, ढोबळ सोय आहे.

टायर बनवणाऱ्यांचे लक्ष मात्र दीर्घकाळ बर्फावर होते, आणि बर्फासाठी त्यांनी नक्षी बदलली. फिनलंडच्या रबर कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी हिवाळी टायर काढला. त्याच्या आडव्या, खोल खाचा बर्फात रुतत. दोन वर्षांनी मोटारींचा टायर आला. पुढे १९७७ मध्ये गुडइयर कंपनीने 'तिएम्पो' हा बारमाही रेडियल टायर अमेरिकेत आणला. या स्पॅनिश शब्दाचा एक अर्थ 'हवामान' असाच आहे. वर्षातून दोनदा टायर बदलण्याचा ताप वाचला, लोकांनी तो उचलून धरला. तेव्हा तिथे वेगमर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर होती. त्या वेगाला त्याची पकड चालून जाई.

अशा टायरांवर 'एम + एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, ही अक्षरे असत. ती मिळवण्याची अट काय होती? खाचांनी पृष्ठभागाची निदान पाव जागा व्यापावी, कडेकडून मध्याकडे जाणारे काप अमुक लांबीचे आणि अमुक कोनात असावेत. बस! टायर बर्फावर चालवून पाहण्याची अट नव्हती. रबर कसले आहे, हे तर कोणी विचारतच नव्हते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी चूक. पट्टीने मोजून बर्फावरची पकड ठरवणे म्हणजे छत्रीचा व्यास मोजून ती गळते का ते सांगण्यासारखे आहे. १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेतील उत्पादकांनी नवे चिन्ह आणले, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ते मिळवण्यासाठी दाबलेल्या बर्फावर प्रत्यक्ष चाचणी करावी लागते, आणि प्रमाण टायरची ओढ १०० धरली तर निदान ११० यावी, अशी तेव्हाची अट होती.

रबराकडे वळले ते फ्रान्समधील मिशलँ कंपनीचे संशोधक. टायर काळा असतो तो काजळीमुळे. ती रबराला बळ देते. रोलाँ रोलिन यांनी काजळीऐवजी मुख्यतः सिलिका वापरली. सिलिकाला पाणी प्रिय, रबराशी तिचे जमत नाही. म्हणून एका टोकाने सिलिकाला आणि दुसऱ्या टोकाने रबराला धरणारे सिलेन घातले. १९९२ च्या सुमारास असे टायर बाजारात आले. हे रबर रस्त्यावर नुसते लोळताना कमी ऊर्जा खाते, ओल्या रस्त्यावर घसरताना मात्र जास्त खाते. दोन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत असा तोवरचा अनुभव होता. वेगवान मोटारीला शोभेल असा बारमाही टायर यानंतरच खऱ्या अर्थाने शक्य झाला.

तरी तडजोड संपलेली नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल शहर घ्या. जानेवारीत तिथे दिवसा साधारण ८ आणि रात्री ३ अंश तापमान असते. पाऊस पुष्कळ, बर्फ क्वचित. इथे हिमकणाचे चिन्ह फारसे काही सांगत नाही, कारण त्या चाचणीत ओला, थंड डांबरी रस्ता नसतोच. फळ्यावर एक गणित मांडून पाहा. ताशी १०० किलोमीटर वेगाने दोन मोटारी शेजारून जात आहेत. उदाहरणापुरता एकीचा घर्षणांक ०.८ आणि दुसरीचा ०.६ धरा. दोघींनी एकाच क्षणी ब्रेक लावले. पहिली सुमारे ४९ मीटरवर थांबेल, दुसरी ६६ मीटरवर. पण खरा धक्का पुढेच आहे. पहिली जिथे थांबली, तिथून दुसरी ताशी ५० किलोमीटर वेगाने पुढे जाईल. वाटेत कोणी मूल आले असेल, तर फरक १७ मीटरांचा राहत नाही.

अशा शहरातल्या वेगवान मोटारीच्या मालकाने उन्हाळी टायरवर हिवाळा काढू नये. गोठणाऱ्या थंडीत काही अतिमऊ उन्हाळी टायरांना तडे जातात, असा इशारा उत्पादकच देतात. अस्सल हिवाळी टायरही इथे अडचणीचा. त्यांतले कित्येक ताशी १६० किंवा १९० किलोमीटरपुरतेच बनवलेले असतात आणि उबदार दिवशी त्यांची नक्षी वळणावर लवते. वेगवान मोटारींसाठी केलेला, ताशी २४० ते २७० किलोमीटरचा बारमाही टायर शहरापुरता योग्य.

मात्र शहराच्या पूर्वेला तासाभरावर सुमारे ९२० मीटर उंचीची स्नोक्वाल्मी खिंड आहे, आणि तिथे हिवाळ्यात भरपूर बर्फ पडते. शनिवारी तिकडे जाणाऱ्याने हिमकणाचे चिन्ह असलेलाच टायर घ्यावा. खिंडीतल्या पाटीवर बर्फाला योग्य टायर लावण्याचा हुकूम झळकतो, तेव्हा नियमाला नुसती 'एम + एस' ही अक्षरेही पुरतात. जर्मनीत बर्फाळ रस्त्यासाठी ती अक्षरे चालण्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली.