तीन पेपर, एकच लेख: २००९ च्या 'अशोकपर्वा'ची गोष्ट

आजचा एपिसोड पेपरांबद्दल. मी मूळचा धारणीचा. अमरावतीहून सुमारे दीडशे किलोमीटर, मधे मेळघाटचा घाट. लहानपणी आमच्याकडे पेपर एसटीने यायचा, तोही दुपारपर्यंत. घरात एकच पेपर. आजोबा म्हणायचे, "पेपरात आलं म्हंजे खरंच असन." हे वाक्य ध्यानात ठेवा.

ऑक्टोबर २००९. विधानसभा निवडणूक, मतदान १३ तारखेला. मुख्यमंत्री अशोक चव्हाण नांदेड जिल्ह्यातल्या भोकरमधून उभे होते. त्या दिवसांत मोठ्या मराठी पेपरांत त्यांच्या कौतुकाची पानंच्या पानं आली. एका पेपरच्या पुरवणीचं नावच 'अशोकपर्व'. 'जाहिरात' असा शब्द कुठे नाही, सगळं बातमी म्हणून.

पत्रकार पी. साईनाथ यांनी हे पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचले. लोकमत, पुढारी आणि महाराष्ट्र टाइम्स, तिघंही एकमेकांचे स्पर्धक. आणि तिघांत एक लेख शब्दन् शब्द सारखा! मी कोड लिहितो. दोन फाइल ओळीनं ओळ सारख्या निघाल्या तर आम्ही योगायोग म्हणत नाही, मूळ फाइल कुणाची ते विचारतो.

मग साईनाथांनी हिशोब पाहिला. खर्चाची मर्यादा १० लाख. चव्हाणांनी दाखवलेला एकूण खर्च ७ लाखांच्या आत आणि त्यात पेपरातल्या जाहिरातींचे फक्त ५,३७९ रुपये. चव्हाणांनी आरोप नाकारला. पैसे घेतल्याचं पेपरांनीही नाकारलं.

पुढं काय झालं? प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांनी 'पेड न्यूज'वर ७१ पानी अहवाल लिहिला, पेपरांच्या नावांसकट. कौन्सिलनं २०१० मध्ये त्याचा छोटा अवतार तेवढा काढला. पूर्ण अहवाल लोकांसमोर आला २०११ मध्ये, तोही केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर. म्हणजे पेपरांबद्दलची बातमीच दाबली गेली होती.

चव्हाणांचे प्रतिस्पर्धी माधव किन्हाळकर यांची तक्रार सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. ५ मे २०१४ ला कोर्ट म्हणालं, खर्चाचा हिशोब खरा की खोटा हे तपासायचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे. जुलैत आयोगानं नोटीस काढली. सप्टेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टानं ती रद्द केली, कारण हा खर्च चव्हाणांनी केला किंवा करायला सांगितला, याचा पुरावा नव्हता. अडचण इथंच आहे. छापलेलं पान सगळ्यांना दिसतं, पण त्यामागं व्यवहार झाला असेलच तर त्याची पावती कोण ठेवणार? तरी याच कायद्याखाली २०११ मध्ये उत्तर प्रदेशच्या आमदार उमलेश यादव तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या होत्या. पेड न्यूजमध्ये तसं पहिल्यांदाच घडलं.

आता आजोबांकडे येतो. साईनाथांना हे सापडलं, कारण त्यांच्या टेबलावर तीन पेपर होते. आमच्याकडे एकच. कितीतरी कोरकू घरांत तर तोही दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवायचा. आजोबा भोळे नव्हते हो, ताडून पाहायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

तुमच्याकडे आहे. एखाद्या नेत्याचं कौतुक किंवा बदनामी पाच ठिकाणी दिसली, तर त्यातलं एक वाक्य कॉपी करून सर्च करा. पाचही ठिकाणी तेच शब्द असतील, तर साक्षीदार पाच नाहीत, एकच आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. येतो!