बोरघाटाच्या वरचें व खालचें अध्यापन

मुंबई इलाख्यांतील उच्च शिक्षणाचा इतिहास लिहितांना बहुतेक लेखक विश्वविद्यालयाच्या १८५७ च्या कायद्यापासून आरंभ करतात आणि मुंबई व पुणें हीं दोन्ही स्थळें एकाच सूत्रांत ओवतात. आम्हांस हें मान्य नाहीं. त्या दोहोंमध्यें त्या वेळीं बोरघाट होता, व तो केवळ भूगोलांतील नव्हता.

कल्याणाहून निघालेला लोहमार्ग कर्जतावरून खोपोलीस १८५६ मध्यें पोंचला. खंडाळा-पुणें हा तुकडा १८५८ मध्यें सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ च्या मे महिन्यांत जोडला गेला. विश्वविद्यालयाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ ची व पहिली बी. ए. ची परीक्षा १८६२ ची. अर्थात् त्या वर्षांत परीक्षेसाठीं पुण्याहून आगगाडीनें मुंबईस निघालेल्या विद्यार्थ्यास खंडाळ्यास उतरून, १८३० साली खुल्या झालेल्या गाडीरस्त्यानें पायीं, तट्टावर किंवा पालखींतून घाट उतरावा लागे. पायथ्याशीं नाना फडणविसांनीं बांधविलेला तलाव व महादेवाचें देवालय. तेथून पुढें पुन्हां गाडी. कर्जत-खालापुराच्या इतिहासांत उंबरखिंडीची लढाई येते, किल्ले येतात. हा पुस्तकें घेऊन उतरणारा प्रवासी कोठें येत नाहीं.

घाटावर अध्यापनाची रीत निराळी होती. विश्रामबागवाड्यांतील संस्कृत पाठशाळा चॅप्लिनसाहेबानें १८२१ मध्यें दक्षिणेच्या निधींतून काढली. तेथें शास्त्रीबोवांनीं पंक्ति लावून द्यावी, शिष्यानें तिची आवृत्ति करावी, आणि विद्येची कसोटी वादांत लागावी. १८५१ मध्यें तिला इंग्रजी शाळा जोडून पूना कॉलेज झालें. पुढें एडविन अर्नोल्ड हा कवि तेथें मुख्याध्यापक होता. घाटाखालीं एल्फिन्स्टन कॉलेजांत व्याख्यान व लेखी निबंध यांवर भर. विश्वविद्यालय स्वतः कांहींच शिकवीत नसे. लंडनच्या धर्तीवर तें केवळ परीक्षा घेई.

पाठांतर हा आपल्याच पाठशाळांचा दोष, असें म्हणणारांनीं अमेरिकेकडेहि पाहावें. त्या शतकाच्या पूर्वार्धांत हार्वर्ड, येल येथें नेमलेलीं पृष्ठें वर्गांत म्हणून दाखविणें हाच अध्ययनाचा मुख्य भाग होता. विषयनिवडीचें स्वातंत्र्य हार्वर्डांत रूढ झालें तें एलियट हे १८६९ मध्यें अध्यक्ष झाल्यावर.

लेखी निबंधानें विद्यार्थ्याकडे स्वतःचें मत मागितलें. पण तें सोसण्याची तयारी मागणाऱ्याकडे नेहमीं असेच असें नाहीं. महादेव गोविंद रानडे यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याशीं इंग्रजी राज्याची तुलना केली. ती अलेक्झांडर ग्रँट यांस रुचली नाहीं व रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली, असें चरित्रकार लिहितात. हेच ग्रँट रानड्यांच्या बुद्धीचे चाहतेहि होते, म्हणून ही गोष्ट आम्हांस अधिक बोलकी वाटते. पाठशाळेंत वादांत गुरूस पेंचांत धरणारा शिष्य कौतुकास पात्र होई. येथें विषय राजकीय होता, आणि गुरु सरकारी नोकर होता.

१८६२ च्या चार पदवीधरांपैकीं रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेहि दक्षिणा-फेलो. पेशव्यांनीं शास्त्रीपंडितांस वांटलेली दक्षिणा अशी इंग्रजी कॉलेजांत येऊन पोंचली होती. भांडारकरांनीं तर इंग्रजी शिक्षणाबरोबर पुण्याच्या शास्त्र्यांजवळ न्याय व व्याकरण वाचलें. दोन्ही रीती एकाच माणसांत आल्या त्या अशा.

१८६३ मध्यें भांडारकर एम. ए. झाले. त्याच वर्षीं गाडी पळसदरीहून सरळ घाट चढूं लागली व खोपोली एका बाजूस राहिली.