दोष पिशवीला

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला नवरात्रात चंडिकेच्या आरतीचं संबळ वाजू लागलं, की गर्दीतली एखादी बाई केस मोकळे सोडून घुमू लागते. अहिराणीत म्हणतात, ‘तिना आंगमा येस.’ शहरातून आलेला भाचा मात्र हळूच म्हणतो, ‘हिस्टेरिया आहे.’

भाच्याचा शब्द मूळ ग्रीक. ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय. पिशवी काढण्याच्या ऑपरेशनला हिस्टरेक्टॉमी म्हणतात, तीही याच कुळातली. हिपोक्रेटिस या ग्रीक वैद्याच्या नावावरच्या ग्रंथांत लिहिलंय, की गर्भाशय जागा सोडून वर सरकतं आणि बाईचा श्वास कोंडतो. उपाय काय, तर नाकाशी दुर्गंधी धरायची, म्हणजे ते खाली पळतं. खालून सुगंधी धुरी द्यायची, म्हणजे ते जागेवर येतं. आपल्याकडे फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा नाहीतर चप्पल धरतात. दोन्हींचं नातं सांगता येणार नाही, गुण मात्र सारखाच: शून्य.

सतराव्या शतकात लंडनच्या डॉक्टर सिडनहॅमने हा त्रास पुरुषांनाही होतो असं सांगितलं. नाव तरीही बाईचंच राहिलं. पुढे पॅरिसमध्ये डॉक्टर शार्कोने त्याचं मूळ मज्जासंस्थेत शोधलं, तर 1895 साली ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी दडपलेल्या आठवणींत. आपल्या वैद्यांनी प्रतिशब्द दिला ‘योषापस्मार’. योषा म्हणजे स्त्री. म्हणजे खोड संस्कृतातही आली. अखेर 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीतून हिस्टेरिया हे निदानच गेलं.

दवाखान्यातून हाकललेला शब्द बाहेर मजेत आहे. 21 सप्टेंबर 1995 रोजी देशभर गणपती दूध प्यायले, तेव्हा ‘मास हिस्टेरिया’ म्हटलं गेलं. दूध पाजायला लागलेल्या रांगांत पुरुषही होते. घरात मात्र आवाज चढवणारा नवरा ‘तापट’ आणि बायको ‘हिस्टेरिकल’.

अंगात आलेल्या बाईला निदान हळदकुंकू लावतात, तिचं ऐकून घेतात. एरवी सासरी कोण ऐकतं? भाच्याच्या शब्दात तेवढाही मान नाही. पण देवीऐवजी भूत ठरलं, तर तिच्याच पाठीवर वळ उठतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. घरात कुणाला असा त्रास वारंवार होत असेल, तर भगताकडे नेण्याआधी 14416 या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन करा.