सवलत की भरपाई?

जूनमध्ये भाचीबरोबर तिच्या विद्यापीठात गेले होते. तिची नजर जन्मापासून अधू. खिडकीतल्या बाईंनी अपंगत्वाचा दाखला उलटसुलट पाहिला आणि आत वळून हाक दिली, "सवलतवाली आलीय, तो फॉर्म द्या हो." त्यात खोट काहीच नव्हती. पण भाची माझ्या कानाशी पुटपुटली, "मावशी, सवलत म्हटलं की मला चादरींचा सेल आठवतो."

आठवणारच. एसटीच्या तिकिटात सवलत, थकबाकीदाराला व्याजात सवलत, दिवाळीत सवलतीचे दर. कुणीतरी मन मोठं करून द्यायची आणि घेणाऱ्यानं मिंधं व्हायचं. मुळात या शब्दाचा दराशी काही संबंध नाही. अरबीत ‘सहल’ म्हणजे सोपं. त्यावरून ‘सुहूलत’, म्हणजे सोपेपणा. फारसीच्या वाटेनं तो इकडे आला. हिंदीनं त्याची ‘सहूलियत’ करून अर्थ सोयीपाशीच राखला. आपल्याकडे ‘ह’ गळाला, सवलत झाली आणि बाजारात जाऊन बसली.

‘वाजवी’चंही तेच. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल करून देण्याची भाषा आहे. वाजवी म्हटलं की आपल्याला भाजीचा भाव सुचतो. पण त्यामागचा अरबी ‘वाजिब’ म्हणजे जे करणं भागच आहे ते. तेव्हा ‘वाजवी सवलत’ मुळाबरहुकूम वाचली तर अर्थ निघतो, देणं लागतो तो सोपेपणा. खिडकीवर असं कोण वाचतं म्हणा!

फॉर्मवर पुढे ‘लेखनिक’. हा शब्द कागदावरच. मुलं सरसकट ‘रायटर’ म्हणतात. संस्कृतात ‘लेखक’ म्हणजे दुसऱ्याचं उतरवून घेणाराही. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीनं लिहायचं, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. केंद्राच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे मात्र विद्यार्थ्यानं स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण त्याच्याहून एक पायरी खाली असावं लागे. विद्येची देवता पहिल्याच छाननीत बाद.

खरा रंगतो तो वेळेचा रकाना. ताशी किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पण त्याला म्हणायचं काय? केंद्राच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांनी बजावलं होतं की ‘जादा वेळ’, ‘अतिरिक्त वेळ’ हे शब्द बदला आणि भरपाईचा वेळ म्हणा. सरकारी कागदानं शब्दासाठी इतकं अडून बसावं, हे मला फार आवडलं. भरपाई म्हणजे भरून पावणं. ‘रक्कम भरून पावलो’ असं पावतीवर लिहीत, ते आपलं येणं पुरतं हाती आल्यावर. जादा म्हणजे वरकड, पंगतीत आग्रहानं वाढलेली जिलबी. ओळ शोधण्यात, अक्षर लावण्यात जी मिनिटं डोळ्यांनी खाल्ली, ती परत मिळतात. त्यात वरकड काय?

हे सगळं मी भाचीला तिथल्याच बाकावर बसून ऐकवलं. फॉर्मवर छापलं होतं, ‘जादा वेळ हवा/नको’. तिनं भिंग टेकवलं, ‘जादा’वर आडवी रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात ‘भरपाईचा’ लिहिलं. बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"खाडाखोड चालत नाही, ताई," म्हणाल्या आणि नवा फॉर्म पुढे सरकवला.