आसगावचा आघाडीवीर

१ नोव्हेंबर १९५६ या तारखेचे महत्त्व महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी भाषकांना निराळे सांगावे लागत नाही. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. इंदूर-ग्वाल्हेरचा मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाला. हैदराबाद राज्याचे तीन भाग होऊन ते तीन शेजारी राज्यांना जोडले गेले. बडोदे द्वैभाषिक मुंबई राज्यात राहिले. गोवा तर या नकाशावर नव्हताच. तेथे अद्याप पोर्तुगीजांचा अंमल होता. आपण कोणाचे, आपली नोंद कोणत्या दप्तरात व्हायची, हा प्रश्न त्या दिवशी लक्षावधी लोकांच्या दाराशी येऊन उभा राहिला.

यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न ऑलिम्पिकमधील फुटबॉलच्या उपान्त्यपूर्व फेरीत भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. भारताच्या चार गोलांपैकी तीन एकाच खेळाडूचे होते. त्यांचे नाव नेव्हिल डिसोझा. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. या दोन तारखांचा परस्परांशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. आमच्या मते तो आहे. आणि नेव्हिल यांच्या कारकिर्दीचे पुढे जे झाले, त्याचा उलगडा त्या संबंधाखेरीज नीट होत नाही.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यात, बार्देशातील आसगाव येथे झाला. गोव्यात फुटबॉलचा प्रवेश १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या ब्रिटिश धर्मगुरूंच्या हातून झाला, असे सांगितले जाते. शिवोली आणि आसगाव ही एकमेकांना लागून असलेली गावे. म्हणजे या खेळाची गोव्यातील गंगोत्री नेव्हिल यांच्या जन्मगावाच्या शिवेवरच होती. पण शिवोलीच्या वाटेपेक्षा मुंबईची वाट बार्देशकरांच्या अधिक पायाखालची होती. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, आगबोटीवर चढण्यासाठी गोमंतकीय माणूस मुंबईला जाई आणि धोबीतलाव-माझगावच्या परिसरात आपल्या गावाच्या ‘कुडी’त उतरे. डोक्यावर छप्पर, बोलायला आपली भाषा आणि संध्याकाळी खेळायला मैदान, एवढे मिळाले की तो निम्मा मुंबईकर होई. नेव्हिल यांचा खेळही मुंबईतच घडला.

त्या काळच्या मुंबईत फुटबॉलला मोठा मान होता. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाचे सामने कूपरेजच्या मैदानावर होत आणि देशभरचे संघ तेथे येत. शहरातील मोठ्या कंपन्या आपले संघ बाळगत. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळत आणि संतोष करंडक स्पर्धेत मुंबईचे प्रतिनिधित्व करीत. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तेव्हाचे आपले फुटबॉल नियमाने हौशी होते. खेळाडूला खेळण्याचे वेतन नसे. चांगला खेळतो म्हणून कंपनीत नोकरी मिळे. ऑलिम्पिकची दारेही व्यावसायिक खेळाडूंना बंद होती. ज्याला आज आपण ‘व्यावसायिक आघाडीवीराची कारकीर्द’ म्हणतो, ती नेव्हिल यांच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. व्यवसायाची शिस्त त्यांच्या पायांत होती. व्यवसाय मात्र देशात नव्हता.

मेलबर्नच्या संघाला घडविणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे. पेशाने ते शिक्षक. त्यांच्या हाताखालील हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला होता. म्हणजे रहीम यांची शाळा मुंबईच्या प्रेक्षकांना दरवर्षी कूपरेजवर पाहायला मिळत होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरविले होते. त्यावेळी आपले अनेक खेळाडू अनवाणी खेळले. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीम यांनी आपल्या खेळाची मांडणीही नव्याने तपासली. १९५३ च्या नोव्हेंबरात हंगेरीने वेम्ब्लीच्या मैदानावर इंग्लंडला ६-३ असे नमवून फुटबॉलजगताला चकित केले होते. मधला आघाडीवीर पुढे उभा न राहता मागे सरके, त्याच्यामागे प्रतिपक्षाचा रक्षक ओढला जाई आणि त्या रिकाम्या जागेत इतर आघाडीवीर घुसत. रहीम यांनी हा विचार आपल्या संघात रुजविला. नेव्हिल यांच्यासारख्या, गोलजवळची मोकळी जागा क्षणात हेरणाऱ्या खेळाडूला त्यात मोठा वाव होता.

दैवयोग असा, की मेलबर्नमध्ये भारताची पहिली लढत हंगेरीशीच ठरली होती. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि हंगेरीचा फुटबॉल संघ स्पर्धेत उतरला नाही. ज्यांच्याकडून धडा घेतला, त्यांच्यापुढे तो म्हणून दाखविण्याची वेळच आली नाही. भारत थेट उपान्त्यपूर्व फेरीत पोचला.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल यांनी नवव्या मिनिटाला पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाने बरोबरी साधली. तेहेतिसाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी पुन्हा आघाडी मिळवून दिली. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा बरोबरी झाली. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत त्यांनी तिसरा गोल केला आणि ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा. सामना हा असा दोनदा हातचा निसटला आणि दोनदा परत आणला गेला. तीन गोल करणे ही एक गोष्ट. बरोबरी झाल्यावर, यजमानांच्या प्रेक्षकांसमोर, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे ही दुसरी. नेव्हिल यांचे मोठेपण आम्हांला या दुसऱ्या गोष्टीत दिसते.

४ डिसेंबरला उपान्त्य फेरीत समोर उभा राहिला तोच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल देणाऱ्या या संघाला भारताने मध्यंतरापर्यंत गोल करू दिला नाही आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिल यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. ती दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या आणि सत्तावन्नाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने गोल केले आणि सामना १-४ असा गेला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असा विजय मिळविला. भारत चौथा आला. ऑलिम्पिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोचणारा तो पहिला आशियाई देश. १९६० नंतर तर भारत ऑलिम्पिक फुटबॉलला पात्रच ठरलेला नाही.

स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार, गोल करणारे तीन खेळाडू होते : नेव्हिल डिसोझा, बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचे तोदोर वेसेलिनोविच. यांपैकी वेसेलिनोविच यांच्या पुढील आयुष्याकडे पाहावे. ते १९५८ च्या विश्वचषकात खेळले, पुढे इटलीत व्यावसायिक खेळाडू झाले आणि प्रशिक्षक म्हणून त्यांनी तुर्कस्तानच्या फेनरबाहचे संघाला १९८३ आणि १९८९ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. मेलबर्न ही त्यांच्या कारकिर्दीतील एक पायरी होती. नेव्हिल यांच्यासाठी तीच शिखर ठरली. वयाच्या चोविसाव्या वर्षी चार दिवसांत चार गोल करून हा माणूस मुंबईला परतला, तो त्याच मैदानांवर आणि त्याच हौशी व्यवस्थेत. १६ मार्च १९८० रोजी, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाले. त्याच संघातील प्रदीपकुमार बॅनर्जी यांना पहिल्याच वर्षी आणि तुलसीदास बलराम यांना पुढच्या वर्षी तो मिळाला. नेव्हिल यांचे नाव त्या यादीत नाही.

असे का झाले? कोणा एकाच्या दुष्टाव्याने झाले असे आम्ही म्हणणार नाही. भारतीय फुटबॉलची स्मृती प्रामुख्याने कलकत्त्यात लिहिली गेली आणि नेव्हिल कलकत्त्याच्या क्लबांचे नव्हते. मुंबईचे मन हळूहळू क्रिकेटने व्यापले. रोव्हर्स चषकही नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडला. आणि गोवा? १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी केली. कॅसलरॉकहून घाट उतरून कुळ्याकडे जाणारी आगगाडी थांबली. लिस्बनच्या लेखी गोवा हा पोर्तुगालचाच सागरापारचा प्रांत होता. अशा वेळी आसगावात जन्मलेला एक तरुण भारताचे नाव छातीवर घेऊन खेळत होता. सरकारी कागदांवर गोवा भारताचा व्हायला डिसेंबर १९६१ उजाडावे लागले; नेव्हिल यांच्या चार गोलांनी ती गोष्ट पाच वर्षे आधीच गृहीत धरली होती. पण मुक्त गोव्याने आपल्या खेळाचा इतिहास साहजिकच आपल्या भूमीवरील क्लबांपासून, साळगावकर, वास्को, धेंपे यांच्यापासून, मांडला. मुंबईत घडलेला गोमंतकीय त्यात चटकन बसत नव्हता.

जो दोन घरांचा, त्याच्या पानावर कोणीच वाढत नाही, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नाही. ग्वाल्हेरच्या मराठी कवीला पुण्यातील वाङ्मयेतिहासात जागा मिळत नाही आणि हिंदीच्या इतिहासातही मिळत नाही. बेळगावच्या नटाचेही तेच. माणूस सीमेवरचा असला की त्याचे कर्तृत्व नाकारले जात नाही. ते फक्त नोंदवायचे राहून जाते. आणि नोंद राहिली की दोन पिढ्यांत कर्तृत्वही राहत नाही.

अलीकडे थोडे काही घडले आहे. वांद्रे येथील एका फुटबॉल मैदानाला नेव्हिल डिसोझा यांचे नाव देण्यात आले आणि २०२४ साली प्रदर्शित झालेल्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटाने रहीम यांना व त्यांच्या शिष्यांना नव्या पिढीपुढे आणले. हे आनंदाचे आहे. परंतु मैदानाचे नाव वाचणाऱ्याला ते नाव कोणाचे हे सांगणारा कोणी असावा लागतो. १ नोव्हेंबरचे दुःख आम्ही दरवर्षी आठवतो, आणि ते आठवलेच पाहिजे. त्याच्यापुढे एक महिन्याने येणारा १ डिसेंबरही आमच्या पंचांगात असावा. त्या दिवशी हैदराबादच्या गुरूचा आणि आसगावच्या आघाडीवीराचा खेळ एकाच संघात उभा राहिला होता, आणि ते दोघे कोणत्या राज्याचे हे मैदानावर कोणालाही विचारावे लागले नव्हते.